मैदान मोड

आमच्या शाळेत कुणी कुणाला मारलं, की पहिली घंटा मार खाणाऱ्याच्या घरी वाजते आणि दुसरी शाळेच्या नर्स सुवार्ता सिस्टरांच्या टेबलावर. मारणाऱ्याचा हात तोवर हवेतच असतो.

मागच्या वर्षी दहावी ब मधल्या दोन पोरांची मुतारीमागं जुंपली, तर ती सुटायच्या आत दोघांच्या आया स्कूटीवरून फाटकात हजर. एकीच्या हाताला कणीक तशीच. पोरांचं राहिलं बाजूला, आयांचीच लागली. त्यांना ठिपका नव्हता, म्हणून ती मारामारी कुठं नोंदली गेली नाही एवढंच.

ठिपका म्हणजे नाण्याएवढी चकती. गळ्याखालच्या हाडाच्या जरा खाली चिकटवतात आणि अंघोळ केली तरी निघत नाही. तिच्या आतल्या बाजूला केसापेक्षा बारीक सुया असतात. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत, पेशींच्या मधे जे पाणी असतं तिथवरच जातात. ताप, साखर, अंगातलं लोह, सगळं त्या पाण्यावरून कळतं, आणि योजना आली ती त्यासाठीच. मार कळतो हे नंतर लक्षात आलं. स्नायूवर जोराचा फटका बसला की त्याचे धागे तुटतात आणि आत कोंडलेली प्रथिनं बाहेर सांडतात. सिस्टर म्हणतात, दुधाची पिशवी फुटली की फरशीकडं बघून कळतंच ना किती फुटली ते. ठिपक्यात हादरा मोजणारा एक कणही आहे. कुठल्या बाजूनं आणि किती जोरात, हे तो सांगतो. हादरा आणि प्रथिनं, दोन्ही जुळलं की ठिपका लिहितो: मार.

आणि मग धोरण. त्याचं नाव 'कुटुंब आधी'. ठिपक्याला जे दिसेल ते सगळ्यात आधी घरी कळणार. घरून उत्तर आलं की विषय बंद. सिस्टरांनी एखादा झाकलेला आलेख उघडला तर तेही घरी कळणार, कारण पोरांचं काहीएक लपवून ठेवायचं नाही. पालकसभेत हे वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. माझ्या मम्मीनं तर शिट्टी मारली.

अडचण झाली आम्हा कबड्डीच्या पोरींची. एका सरावात प्रत्येकीला इतके फटके बसतात की घरचे फोन नुसते कोकलायला लागले. माझ्या मम्मीनं आमच्या कबड्डीच्या माने सरांना सांगितलं, "सर, पोरगी मेली तरच कळवा, मधलं मधलं नको." मग आमच्यासाठी मैदान मोड निघाला. संघात नाव आलं की सिस्टर तुमच्या ठिपक्याला तो लावतात. हंगाम संपेपर्यंत मार नोंदला जातो, पण झाकून ठेवला जातो. घंटा नाही आणि फोनही नाही.

मी या संघाची कॅप्टन. जिजा साळुंखे, डावा कोपरा. आठवीपर्यंत मी हजेरी द्यायलासुद्धा घाबरायचे. नाव जिजा आणि आवाज मुंगीचा, असं बाई म्हणायच्या. मग कबड्डीत आले आणि हाताला जोर आला तसा तोंडालाही आला. आता मी चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरला की ती खाली येते म्हणजे येतेच. त्या क्षणी जे वाटतं ना, ते मला कशातच वाटत नाही, पुरणपोळीतसुद्धा नाही.

अशा माझ्या संघात शर्वरी बाबर का आली, हे कुणालाच कळत नव्हतं. शरू म्हणजे मधल्या सुट्टीत भौतिकशास्त्राची गणितं सोडवणारी पोर. चेंडू आला तरी डोळे मिटणारी. तिनं जूनमध्ये मला फाटकात गाठलं आणि म्हणाली, "मला संघात घे. राखीव म्हणून घे. पाणी आणीन, मॅट उचलीन."

"अगं, पण तुला खेळायचंय का?"

"नाव पाहिजे," ती म्हणाली.

घेतली. कॅप्टन झाल्यावर कुणाला तरी घ्यायचा अधिकार मिळतो, तो मला वापरून बघायचा होता.

जिल्ह्याच्या सामन्यांआधी माने सरांनी मला सांगितलं, "बाबरला काढ. ती साखळीत उभी राहिली की साखळी गळ्यातल्यासारखी तुटते." मी म्हटलं, एक शेवटची संधी देऊ. त्या दुपारी सरावात तिला चढाईला पाठवलं आणि मीच तिची कंबर धरून खाली आणलं. जोरात नाही, रोजच्यासारखं. टी-शर्ट वर सरकला.

पाठीवर जे होतं ते आमच्या खेळातलं नव्हतं. आमचे डाग गोल असतात, गुडघ्याचे नाहीतर कोपराचे. हे लांब होते, एकावर एक, काही पिवळे पडलेले आणि काही अजून जांभळे. एका टोकाला चौकोनी खूण होती. पट्ट्याच्या बकलाची.

मी टी-शर्ट खाली ओढला आणि तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"कोण?"

"सोड ना."

"शरू, मी आत्ता ओरडीन."

तिनं टाकीला टेकून बसायचा प्रयत्न केला, मग टेकायचं टाळलं. "दादा," ती म्हणाली.

तिचे अण्णा सेलमला असतात. आमच्या विट्याकडच्या निम्म्या पोरींचे वडील असेच लांब असतात, कुठं कुठं गलाईची दुकानं टाकून, लोकांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करत. त्यामुळं शाळेनं पालकाचा नंबर मागितला तेव्हा त्यातल्या बऱ्याच घरांतून एकच उत्तर गेलं: घरी जो कर्ता पुरुष असेल त्याचा लिहा. आई घरी असली तरी तिचा नंबर लिहावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. शरूच्या घरी कर्ता पुरुष म्हणजे रणजितदादा. वय चोवीस, बुलेट, आणि चौकात सगळे त्याला 'रणभाई' म्हणतात.

"सातवीत होते," शरू म्हणाली. "जेवताना ताट आपटलं म्हणून त्यानं मारलं. ठिपका नवीन होता. मला वाटलं, तो नुसता तापासाठी आहे. तर त्याचा फोन वाजला. ती बाई बोलते ना त्यात? 'नमस्कार. आपल्या पाल्याच्या पाठीला मार लागल्याचे दिसते. कृपया प्रेमाने चौकशी करावी.'"

ती हसली. मला तिचं हसणं बघवलं नाही.

"मग त्यानं चौकशी केली. शाळेत कुणी सांगितलं म्हणून. पट्ट्यानंच केली. तेवढ्यात परत फोन. परत नमस्कार. तो म्हणाला, अजून सांगतीस होय? परत मारलं. परत नमस्कार."

"कुठवर?"

"बॅटरी संपेपर्यंत."

"ठिपक्याची?"

"फोनची. ठिपक्याची संपत नाही." तिनं गवताची काडी तोडली. "आई दारात उभी राहून म्हणत होती, रणजित, आधी तो फोन बंद कर. मला सोड म्हणाली नाही. नंतर त्यानं उत्तर पाठवलं, जिन्यावरून पडली, बघितलं. विषय बंद."

"मग संघात आलीस ती—"

"घंटा वाजू नये म्हणून. आता त्याला मारायचं असलं की मारतो. फोन वाजत नाही म्हणून दुसऱ्यांदा तरी मारत नाही. खरं म्हणजे आता जास्त मोकळा मारतो. पण एकदाच. मला काढू नको जिजा. नाव काढलं तर सोमवारी सिस्टर मोड काढतील."

तिनं माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. मी घेतली आणि तिथून उठून सरळ सिस्टरांच्या खोलीत गेले. शपथा पाळणाऱ्या पोरी वेगळ्या असतात.

सुवार्ता सिस्टर मिरजेच्या. उंच, थोड्या लंगडतात, आणि पोटात दुखतंय म्हणून आलेल्या पोरांना आधी गृहपाठ कुठल्या विषयाचा आहे ते विचारतात. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि मला पाठवून शरूला बोलावून घेतलं. शरूनं माझ्याकडं असं बघितलं की मी टेबलावरचा कापूस मोजायला लागले.

"आलेख झाकलेला आहे," सिस्टर म्हणाल्या. "मला उघडता येतो. पण उघडला की त्याच क्षणी तुझ्या दादाच्या फोनवर जाणार. मला ते थांबवता येत नाही."

"मग नका उघडू," मी म्हटलं. "पोलिसांना फोन करा."

"तुम्ही येईपर्यंत केला. बालकल्याण समितीलाही केला. दोघं एकच म्हणतात, आलेख पाठवा, मग निघतो." त्यांनी चष्मा काढला. "ते सांगलीहून निघणार. हा चौकातून निघणार. कोण आधी पोचेल ते तुला कळतंय ना, शर्वरी? तू नको म्हणालीस तर मी नाही उघडणार."

शरूनं खिडकीतून मैदानाकडं बघितलं. संघाच्या पोरी मॅट गुंडाळत होत्या.

"उघडा," ती म्हणाली. "निदान या वेळी तो बाहेरच्या लोकांसमोर मारेल."

सिस्टरांनी दाराला कडी लावली आणि पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी आणले. एक माझा आणि एक शरूचा. माझा उघडल्याचं मम्मीला कळलं तर कळू दे, म्हटलं मी. माझ्या आलेखात फटके होते आणि प्रत्येक फटक्याबरोबर एक उंच सुळका. अंगाला जोर देणारं रसायन एकदम चढतं आणि खेळ थांबला की तसंच उतरतं, असं त्या म्हणाल्या. शरूच्या आलेखात सुळका नव्हता, चढण होती. ती शाळा सुटायच्या पुष्कळ आधी सुरू व्हायची, शेवटच्या तासाला, आणि हळूहळू वर वर जायची. फटका त्या चढणीच्या टोकाला.

"हे भीतीचं रसायन आहे," सिस्टर म्हणाल्या. "ते फटक्याची वाट बघत आधीपासून साठतं. खेळात अंगाला असं कधी होत नाही. अंग खोटं बोलत नाही गं, पोरी. कोण मारणार आहे हे त्याला आधीच माहीत असतं."

त्यांनी आलेख पाठवला. मग शरूच्या ठिपक्याचा मैदान मोड काढला. "आता जे होईल ते झाकलेलं नको," त्या म्हणाल्या.

बुलेटचा आवाज आला तेव्हा पडद्यावरची शरूची रेघ वर जायला लागली. आवाज मला ऐकू यायच्या आधीच ती निघाली होती, हे मी बघितलं.

फाटकावरच्या मामांना त्यानं ढकललं असावं, कारण ते पडल्याचा आवाज आला. मग दारावर लाथ. दुसरी लाथ. कडी खिळ्यांसकट निघाली आणि भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याला जाऊन लागली.

सिस्टर मधे उभ्या राहिल्या. "रणजित, हा दवाखाना आहे. बोलायचं तर बसून बोल."

"माझ्या घरातलं बोलणारी तू कोण गं?" त्यानं विचारलं आणि उत्तराला न थांबता त्यांच्या तोंडात मारली. सिस्टर मागं वजनकाट्यावर पडल्या. काट्यानं शांतपणे त्यांचं वजन सांगितलं.

त्यानं शरूची वेणी मुठीत गुंडाळली. नुसती धरली नाही, दोन वेढे देऊन गुंडाळली, सवयीनं, बादलीचा दोर गुंडाळावा तशी. शरू ओरडली नाही. ती स्वतःहूनच त्याच्या बाजूला झुकली, म्हणजे ओढ कमी बसेल. ते बघून माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

मी खाली गेले आणि त्याचा घोटा धरला. पोरीचा घोटा आणि चोवीस वर्षांच्या बाप्याचा घोटा यात फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं दुसरा पाय उचलून माझ्या मनगटावर बूट दिला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं आणि ओरडले, "पकड!"

खिडकीतून बघणाऱ्या माझ्या पोरी दारातून आत आल्या. सराव होता म्हणून अंगाला सवय होती. हातात हात, मनगटावर मनगट. गौतमी मधे, तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या. साखळी त्याच्या कमरेला भिडली आणि तो डुलला. त्यानं गौतमीच्या नाकावर कोपर मारलं, तिचं रक्त त्याच्या शर्टावर उडालं, पण साखळी सुटली नाही. तो पडला. कॉटच्या लोखंडी पायावर त्याचं डोकं आपटलं आणि मुठीतून वेणी सुटली.

शरूचा मोड काढलेला, त्यामुळं त्याच्या खिशात फोन बोलायला लागला. "नमस्कार. आपल्या पाल्याच्या डोक्याला मार लागल्याचे दिसते—"

मी त्याच्या छातीवर बसले. चांगल्या हाताच्या कोपरानं तोंडावर मारलं. ओठ फुटला. परत मारलं. नाकाचं हाड सरकल्याचं माझ्या कोपराला कळलं. तो "बास" म्हणाला असेल, मला ऐकू आलं नाही. मनगट दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. अंग हलकं झालं होतं, आणि सामना जिंकताना वाटतं तेच वाटत होतं, फक्त दहापट. पोरींनी त्याचे हातपाय धरून ठेवले होते. तो हलत नव्हता, तरी मी मारत होते. मग माझं कोपर कुणीतरी दोन्ही हातांनी धरलं.

ती शरू होती. "जिजा, उतर," ती म्हणाली. "तो पडलाय."

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. रणजितला त्यातून नेलं. मागोमाग शरूची आई आली, पदर डोक्यावरून घसरलेला. तिनं फरशीवरचं रक्त बघितलं आणि कुणाचं ते विचारलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती माझा हात हातात घेईल.

"माझ्या पोराला किती मारलंस गं," ती म्हणाली.

मी कोपरावरचं रक्त टी-शर्टला पुसलं.

प्लॅस्टर घातल्यावर सिस्टरांनी मला माझा त्या दुपारचा आलेख दाखवला. त्यांच्या गालावर अजून बोटं उठलेली होती. माझ्या हातानं दिलेले फटकेही ठिपक्यानं टिपले होते, कारण मारतानाही हादरा आपल्याच अंगात येतो. तो पडला ती जागा त्यांनी बोटानं दाखवली. त्यानंतर माझे सुळके थांबले नव्हते. उलट उंच झाले होते.

"तुझ्यामुळं ती आज वाचली," सिस्टर म्हणाल्या. "हे खरं आहे. आणि हेही खरं आहे." त्यांचं बोट पडद्यावरच होतं. "तुझा मोड चालू होता, त्यामुळं घरी काही गेलेलं नाही. मी उघडल्याचं मात्र आता जाईल."

"सगळंच जाऊ दे," मी म्हटलं. "मोड काढा."

मम्मी आली. शिट्टी मारली नाही. आलेख बघितला, मग मला स्कूटीवर मागं बसवून घरी नेलं. वाटेत एवढंच म्हणाली, "पहिला फटका माझ्याकडून. बाकीचे तुझे तू बघ."

शरूचे अण्णा सेलमहून आले. पालकाच्या जागी शरूच्या आत्याचा नंबर लागला, आणि शरू आत्याकडं राहायला गेली. रणजितवर केस चालू आहे. नाकाच्या ऑपरेशननंतर तो बोलतो तेव्हा शिट्टीसारखा आवाज येतो म्हणे. हे मला वर्गातल्या पोरांनी हसत सांगितलं आणि मी पण हसले. मग दिवसभर मला बरं वाटलं नाही.

शरू शाळेत परत आली तेव्हा शेवटचा तास तिला सिस्टरांच्या खोलीत बसायची सवलत होती, रेघ खाली येईपर्यंत. मी सराव सोडून पळत गेले. अख्खी शाळा माझ्याशी हात मिळवत होती, लहान पोरी माझं प्लॅस्टर सह्यांनी भरत होत्या, आणि मला फक्त तिला भेटायचं होतं. दार उघडंच होतं. नवी कडी बसवली होती. मी आत पाय टाकला, टाळीसाठी हात वर केला.

पडदा भिंतीवर होता. शरूची रेघ चढायला लागली.

सुळका नाही, चढण. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. शरूनंही मान वळवून बघितलं आणि तिचे कान लाल झाले.

"मला नाही वाटत तुझी भीती," ती घाईघाईनं म्हणाली. "आईशप्पथ. मी वाट बघत होते तुझी. अंगाला वाटते फक्त. ते ऐकत नाही."

माझा हात अजून वरच होता. मी तो खाली आणला, तर तो कुठं ठेवावा हेच मला कळेना. पहिल्यांदा राग आला. म्हणावंसं वाटलं, अगं, मनगट मोडून घेतलं तुझ्यासाठी. तोंड उघडलं, तर रेघ आणखी वर सरकली. अजून मी काही बोललेही नव्हते.

"जाऊ का मी?" मी विचारलं. आवाज आठवीतला निघाला.

"नको ना," शरू म्हणाली.

मी दारातच खाली बसले, मांडी घालून. प्लॅस्टरचा हात मांडीवर, दुसरा फरशीवर पालथा, तिला दिसेल असा. सिस्टरांनी कापसाचा डबा उचलून उगाच दुसरीकडं ठेवला. मैदानावरून माने सरांचा ओरडा येत होता. मी शरूला हळू आवाजात सांगितलं की गौतमीचं नाक आता पहिल्यापेक्षा सरळ झालंय आणि ती सगळ्यांना ते बाजूनं दाखवत फिरते. शरू हसली. मग तिनं विचारलं, डावा कोपरा कोण सांभाळतंय. मी म्हटलं, कुणीच नाही, सगळ्या चढाया तिकडूनच चालल्यात.

बराच वेळ आम्ही असंच काहीबाही बोललो.

"थोडी पुढं ये," शरू म्हणाली.

मी उठले नाही. बसल्या बसल्याच एक फरशी पुढं सरकले आणि थांबले.

"अजून," ती म्हणाली.